सगळ्यात भारी कॉन्सर्ट कुठली? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

यावेळी टपालात आणि मेलवर बहुतेक सगळे प्रश्न रॉक कॉन्सर्टचेच आलेत, आणि त्यातले अर्धे तर दोस्तांमधल्या भांडणाचे आहेत, त्यामुळे हा अख्खा अंक त्यालाच देऊन टाकला. जे प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (पुणे): आम्ही चौघं कॉलेजपासूनचे दोस्त. आयर्न मेडन बंगलोर २००७, मेटॅलिका बंगलोर २०११ आणि यूटू नेरूळ २०१९, तिन्ही एकत्र बघितल्या. आता कधीही भेटलो की हाच वाद, की सगळ्यात भारी कुठली. एक जण मेटॅलिका सोडून काही ऐकूनच घेत नाही. दुसरा म्हणतो साउंड बघायचा तर यूटू. मी पहिल्यापासून मेडनवाला. चौथा म्हणतो अरे तुलना करायचीच कशाला, मजा आली ना. तुम्ही निकाल लावा एकदाचा.

उत्तर: आधी तुमच्या चौथ्या दोस्ताचं बघू, कारण त्याचं मला अजिबात पटत नाही. तुलना करायचीच. तुम्ही पुण्याचे आहात, तुमच्याकडे सवाईला जाणारी मंडळी चाळीस वर्षांपूर्वीचं गाणं आणि यंदाचं गाणं शेजारी शेजारी ठेवून तासभर बोलतात आणि त्यातूनच ऐकणारा तयार होतो. रॉकवाल्यांनीच काय म्हणून गप्प बसायचं? फक्त एक आहे, तुमच्यातला प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजतोय. मेटॅलिकावाला बँड मोजतोय, यूटूवाला साउंड मोजतोय, आणि तुम्ही, माझा अंदाज आहे, ती गर्दी मोजताय. मग भांडण मिटणार कसं.

मेडनचं सांगतो. १७ मार्च २००७, पॅलेस ग्राउंड्स. मी होतो तिथे. त्याआधी इथे मोठे बँड आलेच नव्हते असं नाही, डीप पर्पल १९९५ मध्ये मुंबईत येऊन गेले होते, पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स २००२ मध्ये बंगलोरला वाजवून गेला होता, रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये बंगलोर आणि मग मुंबईत ब्रेबॉर्नवर झाले. पण मेटल, म्हणजे रॉकचा जड, दणकेबाज प्रकार, ऐकणाऱ्या पोरांचं म्हणावं असं कोणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर आलं नव्हतं. ही सगळी पोरं कॉपी केलेल्या कॅसेटवर आणि नंतर एमपीथ्रीच्या सीड्यांवर वाढलेली, आपल्या गावात आपण एकटेच हे ऐकतो असं प्रत्येकाला वाटायचं, आणि मग तुम्ही उद्यान एक्सप्रेसमध्ये चढता आणि डब्यात काळे टीशर्टच काळे टीशर्ट, सोलापूरला आणखी चढतात, आणि ग्राउंडवर पोचलात तर शिलाँगची पोरं, केरळची पोरं, कोलकात्याची पोरं. त्या दिवशी स्टेजवर काय झालं ते महत्त्वाचं होतंच पण आपण एवढे आहोत हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं, ते त्याहून मोठं होतं. दिल्लीचा परिक्रमा हा बँड आणि लॉरेन हॅरिस आधी वाजवून गेले (लॉरेन म्हणजे मेडनच्या स्टीव्ह हॅरिसची मुलगी), आणि त्याच वर्षी परिक्रमा इंग्लंडमध्ये डाउनलोड फेस्टिव्हललाही वाजवून आले.

हे मी नुसतं भावनेच्या भरात बोलत नाहीये, कारण ते तपासायला एक नामी संधी आपल्याला मिळाली होती. तोच बँड अकरा महिन्यांच्या आत, १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत आला, बीकेसीच्या एमएमआरडीए ग्राउंडवर. जगभरच्या त्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत अख्खा बँड, माणसं आणि सामान घेऊन आला होता. गाणी जवळजवळ सगळी ऐंशीच्या दशकातली, म्हणजे चाहत्याला हवी ती. गाण्यांची यादी बघाल तर २००८ ची २००७ पेक्षा सरस आहे, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. तरीपण दोन्हीकडे गेलेल्या माझ्या ओळखीतल्या कोणालाही विचारा, बोलायला लागतात ते बंगलोरबद्दलच. बँड तोच, तयारी तीच, गाणी उलट जास्त चांगली. मग फरक कशाचा? पहिलेपणाचा, आणि रात्रभर रेल्वेनं सोबत गेलेल्या दोस्तांचा. घरून लोकलनं जाऊन परत आलेल्या कॉन्सर्टला तो प्रवास नसतो.

मेटॅलिकाचंही थोडं असंच आहे. २८ ऑक्टोबर २०११ ला गुडगावला होणारा शो सुरक्षेच्या कारणावरून झालाच नाही, लोक ग्राउंडवर आलेले, संतापलेले, तोडफोड झाली. दोन दिवसांनी, ३० तारखेला बंगलोर. तिथे उभा असलेला प्रत्येक जण मनातून धास्तावलेला होता की आजही कॅन्सल झालं तर? आणि मग दिवे गेले आणि ते चौघं स्टेजवर आले. ती जी सुटका होती ना, तिनं पहिल्या दोन-तीन गाण्यांना जे काही केलं ते कुठल्याही साउंड सिस्टिमला जमणार नाही. तुमचा मेटॅलिकावाला दोस्त हट्टी आहे असं वाटत असेल तर त्याला विचारा, त्या दोन दिवसांत त्याचं जेवण धड झालं होतं का.

यूटूचा मुद्दा वेगळा. १५ डिसेंबर २०१९, डी. वाय. पाटील स्टेडियम. त्यांचा भारतातला पहिलाच शो आणि त्या दौऱ्यातला शेवटचा. सुमारे २०० फूट रुंद स्क्रीन, मागच्या माणसालाही चेहरा स्वच्छ दिसतो, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नीट, ए. आर. रहमान आपल्या मुलींसोबत स्टेजवर आला. इतकं नीटनेटकं काम आपल्याकडे फार कमी वेळा बघायला मिळालंय. तुमचा साउंडवाला दोस्त शंभर टक्के बरोबर आहे, या तिघांत साउंड यूटूचाच.

तर माझा निकाल घ्या: कॉन्सर्ट म्हणून मेडन २००७ पहिली, मेटॅलिका अगदी जवळून दुसरी, यूटू तिसरी. साउंड आणि मांडणी म्हणून यूटू पहिली आणि बाकीच्या दोन्ही खूप मागे. आणि पुढच्या वेळी भांडायला बसाल तेव्हा आधी प्रत्येकानं सांगायचं, मी कुठे उभा होतो आणि माझ्या बाजूला कोण होतं. निम्मा वाद तिथेच संपेल, उरलेला निम्मा खरा आहे, तो घाला खुशाल.

प्रश्न (नाशिक): माझा काका सारखा रंगभवन रंगभवन करत असतो. म्हणतो तुमच्या लोलापलूझामध्ये (मुंबईत होतो तो मोठा म्युझिक फेस्टिव्हल) ती मजा नाही, आय-रॉक बघायला हवं होतं तुम्ही. मी आणि माझे मित्र विशीतले आहोत, आम्हाला ते ग्राउंड बघायलाच मिळालं नाही. एवढं काय होतं तिथे? आणि बंद का केलं?

उत्तर: काका बरोबर बोलतोय, त्याच्याकडून ऐकून घे सगळं, लिहून ठेव जमलं तर.

रंगभवन म्हणजे मुंबईत धोबीतलावला, झेवियर्स कॉलेजच्या जवळचं ओपन एअर थिएटर. ग्राउंड नाही, थिएटर, हे लक्षात घे, म्हणजे बसायला पायऱ्या, वर आकाश, आणि स्टेज इतकं जवळ की ड्रमरच्या कपाळावरचा घाम दिसतो. १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सव तिथे सुरू झाला. १९८० च्या मार्चमध्ये द पोलीस हा बँड तिथे वाजवून गेला, तेव्हा ते जगभर नुकते गाजायला लागले होते. आणि १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे तुझ्या काकाचं आय-रॉक, फरहाद वाडियानं सुरू केलेलं. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, भर पावसाळ्यात, उघड्यावर! पाऊस आला तर भिजायचं, त्याचं कोणालाच काही वाटायचं नाही.

आय-रॉकची खरी गंमत अशी की तिथे सगळे आपलेच बँड असायचे. रॉक मशीन, जे पुढे इंडस क्रीड झाले, मग परिक्रमा, ब्रह्मा, पेंटाग्राम, पुढे डीमॉनिक रेझरेक्शन वगैरे. स्टेजवरचा पोरगा आणि पायरीवरचा पोरगा एकाच लोकलनं आलेले असायचे. त्यामुळे तिथे तुलना फार कडक व्हायची, बँडनं कोणाचं गाणं वाजवलं आणि गिटारवाला सोलोमध्ये कुठे अडखळला हे पायरीवर बसलेल्या पन्नास जणांना कळायचं, कारण त्यातले दहा जण स्वतः घरी तोच सोलो बसवत असायचे. आज लोलापलूझामध्ये समोर ग्रीन डेसारखा मोठा बँड असताना तू तसं ऐकतोस का, हे स्वतःलाच विचार. ऐकत असशील तर उत्तमच.

बंद का झालं, तर आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, त्यात हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र, आणि एकूणच उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. त्यात रंगभवन सापडलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, आजारी माणसाच्या उशाशी डबल बेस ड्रम नको हे कोणालाही पटेल. माझं दुखणं वेगळंच आहे, की त्या बदल्यात शहरानं दुसरी तशी जागा केलीच नाही. दोन-तीन हजार लोकांची, रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, तिकीट कॉलेजच्या पोराला परवडेल अशी. आता एकीकडे शंभर-दोनशे लोकांचे क्लब आणि दुसरीकडे पन्नास हजारांचं स्टेडियम, मधलं गायब. आय-रॉक मग इकडे तिकडे फिरलं, अंधेरीच्या चित्रकूट ग्राउंडवर वगैरे, २०१३ नंतर थांबलं आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये माझगावला बेव्ह्यू लॉन्सवर परत झालं. तिथे टक्कल पडलेले आणि पोट सुटलेले कितीतरी जण आपापल्या पोरांना खांद्यावर घेऊन आले होते, मला फार बरं वाटलं ते बघून. काकाला घेऊन जा पुढच्या वेळी कुठल्याही शोला. त्याला लोलापलूझा दाखव आणि त्याच्याकडून रंगभवन ऐक.

आणि काकाला हेही सांग, की १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले असताना कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्या डिस्कोमध्ये चक्क वाजवून गेले होते. काकालाही माहीत नसेल तर तुझा एक पॉइंट.

प्रश्न (ठाणे): माझ्या मैत्रिणीनं गन्स एन रोझेस २०१२ मध्ये बघितलं आणि मी २०२५ मध्ये. ती म्हणते तिनं तरुण आवाज ऐकला, मी म्हणते तिनं खरा बँडच नाही बघितला. कोण बरोबर?

उत्तर: तू. पण पूर्ण नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये आले तेव्हा गायक ॲक्सल रोझ होता पण गिटारवाला स्लॅश नव्हता, बेस वाजवणारा डफ नव्हता. गिटारवाले चांगले होते, मेहनती होते, पण ती गाणी ॲक्सल आणि स्लॅश या ज्या दोन माणसांच्या ताणातून झालीत त्यातला एकच स्टेजवर. मग स्लॅश वेगळा, स्वतःचा बँड घेऊन २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत आला, आणि तेव्हा बीकेसीत गिटार ऐकताना अंगावर काटा आला होता पण गळा दुसऱ्याचा. म्हणजे आपल्याला बरीच वर्षं तो बँड तुकड्यातुकड्यातच मिळाला! १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर पहिल्यांदा हे तिघं इथे एकत्र उभे राहिले. आवाज आता पूर्वीचा नाही हे खरं, वरच्या पट्टीत तो पातळ होतो, आणि मैत्रिणीचं म्हणणं तिथे मान्य करावं लागेल. पण स्लॅश पुढे येऊन सोलो सुरू करतो आणि ॲक्सल त्याच्याकडे बघतो, तेवढ्या एका क्षणासाठी मी २०२५ निवडेन. मे महिन्याचा मुंबईचा उकाडा धरूनसुद्धा.

प्रश्न (डोंबिवली): आमच्या ग्रुपमध्ये दोघांना एकदम पुढे, बॅरिकेडला चिकटून उभं राहायचं असतं, बाकीच्यांना मागे. नंतर सगळे वेगवेगळंच काहीतरी सांगतात, एक म्हणतो व्होकल ऐकूच आले नाहीत, दुसरा म्हणतो अरे कडक साउंड होता. नेमकं उभं कुठे राहायचं?

उत्तर: दोघंही खरं सांगतायत, दोघांनी दोन वेगळे साउंड ऐकलेत.

बॅरिकेडला उभं राहिलं की मोठे स्पीकर बहुतेक वेळा तुमच्या डोक्यावरून मागे आवाज फेकत असतात, तुमच्या वाट्याला येतो तो खालच्या सबवूफरचा दणका आणि स्टेजवरच्या ड्रमचा थेट आवाज, त्यात गायक बुडतो. एका बाजूला सरकलात तर त्याच बाजूचा स्पीकर जास्त ऐकू येतो. सगळ्यात चांगलं कुठे? ग्राउंडच्या मध्ये साउंड इंजिनिअरचा कन्सोल असतो, तंबूसारखा, त्याच्या थोडं पुढे किंवा त्याच्या लगेच मागे. तो माणूस तिथे उभा राहून जे ऐकतो त्यावरून सगळं मिक्स करतो, म्हणजे तिथे जे ऐकू येतं तेच त्याला तुम्हाला ऐकवायचं असतं.

फार मागे गेलात तर वेगळाच त्रास. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर तुम्हाला तो जवळजवळ पाव ते तृतीयांश सेकंद उशिरा मिळतो, स्क्रीनवर काठी ड्रमवर पडलेली दिसते आणि ठोका मागून येतो. म्हणून मोठ्या ग्राउंडवर मध्ये मध्ये टॉवरवर जादा स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. स्टेडियममध्ये शिवाय काँक्रीटवरून आवाज परत येतो, उघड्या ग्राउंडवर तो त्रास नाही पण वारा असला की आवाज इकडेतिकडे जातो.

रॉजर वॉटर्स १८ फेब्रुवारी २००७ ला बीकेसीला आला तेव्हा त्यानं प्रेक्षकांच्या चारही बाजूंनी स्पीकर लावले होते, आवाज मागून यायचा, बाजूनं फिरून जायचा. त्या रात्री कन्सोलच्या आसपास उभे असलेले आणि कडेला उभे असलेले यांनी अक्षरशः दोन वेगळे शो ऐकले. मी आजवर इथे ऐकलेल्यात साउंडच्या बाबतीत तो शो सगळ्यात वर ठेवतो, यूटूच्याही वर.

तर असं करा, पहिली तीन-चार गाणी ज्याला जिथे हवं तिथे उभं राहू दे, पुढचे दोघं घामाघूम होऊन येतीलच, मग कन्सोलजवळ सगळे एकत्र जमा. निदान अर्धा शो तरी सगळ्यांनी एकच ऐकलेला असेल.

प्रश्न (सांगली): माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, मैत्रिणींबरोबर मुंबईला रॉक फेस्टिव्हलला जायचं म्हणते. मला नाही म्हणायचं नाहीये, पण मागच्या वेळी पुण्यातून एका कॉन्सर्टहून आली तर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती म्हणाली. गर्दीचीही भीती वाटते.

उत्तर: ताई, नाही म्हणत नाही हे वाचून आनंद झाला. जाऊ दे तिला. मैत्रिणींबरोबर बघितलेला शो पुढे वर्षानुवर्षं पुरतो.

पण ती शिट्टी गंभीरपणे घ्या. ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतात असं धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. त्या हिशोबानं १०० डेसिबलला साधारण पंधरा मिनिटं. रॉक शो १०० च्या आसपास सहज असतो आणि फेस्टिव्हल दिवसभर चालतो. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. तेव्हा मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, अगदी स्वस्त, ते द्या. पिळून बारीक करायचे, कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचे, नुसते अडकवले तर उपयोग नाही. वाद्यं वाजवणाऱ्यांचे खास प्लग मिळतात, महाग असतात, पण त्यातून गाणं स्वच्छ ऐकू येतं, फक्त हळू. ती वारंवार जाणार असेल तर तेच घ्या. दोन स्टेजच्या मध्ये लांब जाऊन कानाला विश्रांती द्यायची. आणि दोन दिवस शिट्टी राहिली होती म्हणता, तर जायच्या आधी एकदा कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवाच.

गर्दीचं म्हणाल तर मोठ्या शोला मोबाईलचं नेटवर्क हमखास बसतं, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ती जागा आधीच ठरवून ठेवायला सांगा, गेटजवळ नको, तिथे बाहेर पडताना सगळ्यात जास्त रेटारेटी असते, पाण्याच्या स्टॉलजवळ किंवा एखाद्या ठळक खांबाखाली ठरवा. पुढे दाबलं जातंय असं वाटलं की समोर न ढकलता तिरकं तिरकं बाजूला सरकायचं. महालक्ष्मीला असेल तर स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे, नेरूळला डी. वाय. पाटीलला असेल तर हार्बर लाइन. शेवटचं गाणं संपल्यावर सगळे एकदम निघतात, त्यापेक्षा वीस मिनिटं ग्राउंडवरच बसून राहिलेलं बरं, तेवढ्यात काय आवडलं काय नाही यावर त्यांचं भांडणही होऊन जाईल. आणि प्लगचे दोन-तीन जोड जास्तीचे द्या, ग्रुपमध्ये कोणीतरी विसरतंच.